काका, हिचे किती येतील?

बँकेत तीस वर्षं कॅशमध्ये काढली, पण नोटांनी तेव्हा एवढं दमवलं नव्हतं. रिटायर झाल्यावर कल्याणला स्टेशनजवळ नंदूच्या दुकानात दर रविवारी बसायला लागलो. नंदू माझा जुना मित्र, जुन्या नाण्या-नोटांचा धंदा करतो. नोट बघून किंमत सांगायचं काम माझ्या गळ्यात टाकून तो चहा पीत बसतो. लोक नोट घेऊन येतात, बहुतेक वेळा तीच परत घेऊन जातात आणि किस्सा तेवढा माझ्याकडे ठेवतात. घरी गेलो की बायको विचारते, "आज किती जणांची तोंडं पाडलीत?"

*

घोडबंदर रोडवरून एक आयटीवाला आलेला. ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून पार वैतागलेला. त्याने पाकिटातून ट्रॅक्टरवाली पाचाची नोट काढली.

"पाच रुपये," मी म्हणालो.

"अंकल, व्हिडिओत अठरा लाख सांगतात."

"मग त्या व्हिडिओवाल्यालाच विका ना."

"विकली असती. पण तो आधी दोन हजार रजिस्ट्रेशन मागतो. मला जरा फ्रॉड वाटला."

अठरा लाखांबद्दल त्याला काहीच वाटलं नव्हतं.

*

डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. वडिलांची जुनी दहाची नोट, एकही घडी नाही. फोटो बघून मीच खूश झालो. म्हटलं, "हजार-बाराशे सहज येतील. फक्त जपून आणा."

बाईंनी जपून आणली. लॅमिनेट करून!

प्लॅस्टिक चिकटलेली नोट कुठलाच संग्राहक घेत नाही. सांगितलं, "आता दहाच रुपये."

"अहो, पण लॅमिनेशनचेच तीस झाले," बाई म्हणाल्या.

*

ठाण्याजवळच्या गावातले एक शेठ. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता तीन टॉवर आहेत. त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून आजोबांची शंभराची नोट काढली. म्हणजे तिचा एक कोपरा काढला.

"बाकीची कुठाय?"

"तिघा भावांकडं. वाटणी झाली ना."

"शेठ, अख्खी असती तर चांगले दहा हजार आले असते. चौघांचे तुकडे जोडून आणा, बघू काहीतरी."

"जोडाला तिघांशी बोलावं लागंल," ते म्हणाले आणि पाकीट खिशात ठेवलं. "आमी सात वर्सं बोलत नाय."

*

कल्याणजवळच्या मोहने गावची एक बाई आली. मुलीच्या नर्सिंगची फी सोमवारी भरायची होती आणि सात हजार कमी पडत होते. तिने पदराखालून एक रुपयाच्या कोऱ्या नोटांचं बंडल काढलं. शंभर नोटा, ओळीने नंबर. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्याने बँकेतून आणलेलं. दर लक्ष्मीपूजनाला ते पूजेत मांडायचे आणि तो वरच्या नोटेवर अंगठ्याने कुंकू लावायचा. मागच्या वर्षी तो गेला.

वरची नोट लालभडक झालेली. अंगठ्याच्या रेघासुद्धा दिसत होत्या. डाग पडला की नोटेची किंमत जाते, हे मी हजार वेळा सांगितलंय, पण त्या दिवशी सांगायचा खरंच कंटाळा आला. तरी सांगितलं. खालच्या नव्व्याण्णव मात्र कडक होत्या. एकीलाही डाग नव्हता.

नंदूने चहा बाजूला ठेवला आणि घासाघीस न करता बंडलाचे सात हजार दोनशे दिले. तिने दोनदा मोजून पर्समध्ये ठेवले. उठता उठता थांबली.

"काका, वरच्या नोटेचे किती धरले?"

"तिचे काही नाही. धरलाच तर एक रुपया."

तिने पर्स पुन्हा उघडली, एक रुपयाचं नाणं शोधून काढलं, काचेवर ठेवलं आणि ती नोट उचलून घेतली.