नाकावरची वहाण

परवा दारात कुणाची तरी भिजलेली कातडी वहाण पडली होती आणि तिच्या वासाने मला लग्नाआधीचा तो प्रवास आठवला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कर्जतहून खालापूरला जाणारी मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. वडील मला तिकडे एका स्थळाला दाखवायला नेत होते. सकाळपासून अर्धशिशीने डावा डोळा ठणकत होता, त्यात तो कुबट धूर आणि शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर सुकटीची पाटी. मी डोळे मिटून, दात आवळून मान टाकली, तशी ती बाई ओरडली, "अगं बाय, पोरीला फेफरं आलं! वहाण द्या रं कुनीतरी!" "फेफरं नाही हो, गाडी लागते तिला," वडील सांगत राहिले, पण मागून कुणीतरी वहाण दिलीच आणि बाईने ती माझ्या नाकावर दाबली. शेण, घाम, कुजकं चामडं! मी भडाभडा ओकले, त्या वहाणेवरच. उतरल्यावर विहिरीवर तोंड धुतलं. फेफऱ्याची बातमी आपल्याआधी पोचली तर स्थळ गेलंच, या धास्तीने वडील भराभर पुढे चालत होते. पाहुण्यांच्या अंगणात तीच वहाण धुऊन वाळत घातलेली! त्याच मोटारीने परतलेले मुलाचे वडील ओटीवरून हसत म्हणाले, "या, घाबरू नका. फेफरं आलेलं मानूस असा नेम धरून ओकत नाय." लग्न झालं. पुढे दर सणाला मी सासऱ्यांच्या त्या पायांवर डोकं टेकवी, श्वास कोंडून. आणि सासरे चारचौघांत सांगत, सून फार मर्यादेची, पाया पडताना श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाय.