जावयासाठी बसवलेला ब्रेक

आमची पिकअप माझ्यापेक्षा वयानं मोठी. वडिलांनी जुनीच घेतली होती, आणि ते गेल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला माझं छोटं गॅरेज होतं. ट्रकवाले थांबायचे, ब्रेक करून घ्यायचे, पुढं रायपूरकडे निघायचे. ब्रेकसाठी माझं नाव होतं, आणि ते माझ्या सख्ख्या जावयानं मातीत घातलं.

जावई म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. दोन हजार दोन-तीनची गोष्ट असेल. तो आईला आमच्याच पिकअपमधून आमच्या भागातल्या प्रतापगडच्या जत्रेला घेऊन गेला. आमच्याकडे सासू जावयाच्या शेजारी बसत नाही, डोक्यावरचा पदरही खाली येऊ देत नाही. म्हणून पुढची सीट रिकामी आणि आई मागं उघड्या डाल्यात, पोत्यावर. परत येताना लांब उतारावर गाडी सुसाट सुटली, रस्ता सोडून धानाच्या बांधीत घुसली, आणि आई बाहेर फेकली गेली. तिच्या मांडीचं हाड मोडलं. ते पुढं जुळलं, पण वाकडं जुळलं. जावयाला खरचटलंसुद्धा नाही.

"ब्रेकच नाही लागला," तो चौकात उभा राहून सगळ्यांना सांगत होता. "साळ्याच्या हातचा होता ना!"

मी गाडी ओढून आणली आणि चाकं खोलली. ऑइल भरलेलं, लायनर चांगले, पण ड्रम तापून निळे पडलेले. काय झालं ते मला तिथंच समजलं. या माणसाला एक खोड होती. उतार आला की इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि डिझेल वाचवलं म्हणून मिशीत हसायचं. "उतारावर डिझल जाळते तो येडा," हे त्याचं नेहमीचं. अरे, एवढ्या लांब उतारावर सगळा भार त्या बिचाऱ्या ड्रमवर टाकलास, तर ते किती वेळ धरतील?

पण बोलणार कोणाला? जावई तो. आईनं खाटेवरूनच मला अडवलं. "जावयाले काई बोलू नोको. तुह्यी नजरचूक झाली असन. होते बापा, माणसाची होते."

माझी नजरचूक! ती मला माफ करत होती, आणि पुढं कित्येक वर्षं करतच राहिली. काठी टेकत विहिरीकडे निघाली, की मी उठायच्या आत म्हणायची, "बस बापा, तू मनाले लावून नोको घेऊ." ती माफी मला शिवीपेक्षा जास्त झोंबायची. गिऱ्हाइकंही बिचकू लागली. ट्रकवाले पंक्चर माझ्याकडे काढायचे आणि ब्रेकला पुढच्या गॅरेजात जायचे. जावयाचं नाव काढलं की माझं डोकं सणकायचं.

मग एकदा भंगारात एक नवी गाडी सापडली, मागून चेपलेली पण पुढून धड. तिचे पुढचे डिस्क ब्रेक, कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर असं सगळं मी उचलून आणलं. जुने हब काढले, नवे बसेनात, म्हणून लेथवर जाऊन ब्रॅकेट करून आणले. कॅलिपर रिमला घासत होता, तर रिमही बदलले. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून पेडलवर पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा ती म्हातारी गाडी जागच्या जागी थांबली. मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं हसलो.

आता खोटं कायले बोलू? बूस्टर आवळताना माझ्या डोळ्यांपुढं जावयाचाच पाय होता. पायाला जोर देतो तो बूस्टर, आणि तो चालतो इंजिनाच्या जिवावर. इंजिन बंद केलं की एक-दोनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगड. हँडब्रेकची केबल मी नवी टाकली. त्याच उतारावर रिकामी गाडी एकट्यानं नेऊन पाहिली, इंजिन बंद करून, फक्त हँडब्रेकवर. थांबली. मग वाट पाहत बसलो.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरली. मंडईला लेक-जावयांना बोलवायची आमची रीत. जावई आला, जेवला, आणि गाडीभोवती फिरून म्हणाला, "आण चाबी, पाहू दे तुह्यी डिस्क."

"चला ना भाऊजी," म्हणून मी शेजारी बसलो.

उताराच्या तोंडावर त्यानं सवयीनं चावी फिरवली. इंजिन बंद पडलं, वाऱ्याचा तेवढा आवाज. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा तो खूश झाला. "भल्ला पकडते बे!" दुसऱ्यांदा जरा कमी लागला. तिसऱ्यांदा त्याचा चेहराच उतरला. तो सीटवरून उठून पेडलवर उभा राहिला.

"लागत नाही! अबे, ब्रेक लागत नाही!"

"आईच्या वक्ती बी इंजिन बंद होतं का, भाऊजी?"

"अबे, मरून राहिलो आपण!"

"होतं का?"

"होतं! होतं बाप्पा, बंद होतं! थांबव!"

मी हँडब्रेक ओढला. गाडी घसरत, फरफटत थांबली. त्याचे हात स्टेअरिंगवरून सुटेनात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! "आता हेच आईपुढं बोला," मी म्हणालो, "नाही तं मंडईत माईकवरून मी बोलतो."

आई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. जावयाला पाहून तिनं पदर पुढं ओढला. त्यानं मान खाली घालून सांगितलं, की त्या दिवशी इंजिन त्यानंच बंद केलं होतं, ब्रेकची काही चूक नव्हती. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. एवढ्या वर्षांनी ती आता मला काय म्हणेल?

सूप थांबलं नाही. "मले मालूम आहे," ती म्हणाली. "मी डाल्यातच तं होती. इंजिन बंद झालेलं मले आयकू नाही येत का?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "मंग माह्यावर काऊन येऊ देलं?"

"पोट्टीले तिथं नांदाचं होतं. तू तं घरचाच होतास." तिनं खडे वेचून बाजूला टाकले. "जावयाले पाय धुवाले पाणी दे."

मी तांब्या आणून आदळला. बहीण सुखानं नांदते. जावई आता उतारावर इंजिन बंद करत नाही, आणि त्याच्यावरचा माझा रागही हळूहळू गेला.

आई आता पुढच्या सीटवर बसते, माझ्या शेजारी. तो उतार आला की मी गाडी खालच्या गिअरला टाकतो आणि गरज नसताना इंजिन रेस करतो. तिला नीट ऐकू यावं म्हणून. ती खिडकीबाहेर पाहत राहते.