न गिळलेला घास

"शी!" हा बाईंचा पहिला शब्द. चहा गार असला तरी शी, संवाद भिकार असला तरी शी. नाक मुरडून, डावा हात झटकून आरशापुढं बसायच्या. "शी! रंगवा आता, काय रंगवायचं त्ये."

मी कोल्हापुरात नाटक-सिनेमाची रंगभूषा करायचो. नव्वदच्या दशकात बाई माझ्याकडं येऊ लागल्या, तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. तरुणपणी त्यांनी रंगभूमीवर नायिका गाजवल्या होत्या. अंग सुटल्यावर सिनेमानं त्यांना फक्त जाडी मावशी केलं. तुम्हीही हसला असाल.

बिद्रीजवळ एकदा शूटिंग होतं. बाईंनी पाय घसरून शेणाच्या खड्ड्यात पडायचं. चिखल कालवायचं ठरलं होतं; जाऊन बघतो तर खरंच शेण, आंबलेलं, वर आळ्या वळवळत होत्या. मी दिग्दर्शकाला बोललो, तर तो हसला. "वास आला की तोंड आपोआप वाकडं हुतंय. खरं वाटतंय की!"

बाई पडल्या. परत पडल्या. शेवटी शेण तोंडात गेलं. मी बादली घेऊन धावलो. त्या ओकत होत्या, माणसं पोट धरून हसत होती आणि कॅमेरा चालूच होता. सिनेमात तेही ठेवलं. थेटरात नेमक्या त्यालाच शिट्ट्या पडल्या.

मग बाजारात कुणीही म्हणायचं, "बाई, पडून दावा की!" एका सत्कारात शाल घालून झाल्यावर पुढाऱ्यानंही माइकवर तेच म्हटलं. बाईंनी शाल काढून त्याच्याच खांद्यावर टाकली. "तुमीच पडा," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून घरी गेल्या. सिनेमाची कामं तिथंच संपली.

पुढं काही वर्षांनी कागलच्या हौशी मंडळींनी त्यांना नाटकात घेतलं. काम छोटं. लेकीला जिथं जाळून मारलं, त्याच घरी आई तेराव्याला जेवायला बसते. विहीण आग्रह करते, "घ्या की, लाजताय काय?"

बाईंनी घास तोंडात घातला आणि थांबल्या. गाल हलेना, गळा हलेना. नजर विहिणीवर. मग तो घास त्यांनी सावकाश तळहातावर काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. प्रेक्षकांत कुणी खोकलंसुद्धा नाही.

आत आल्यावर मी विचारलं, "बाई, त्ये तोंड कसं केलंसा?"

"केलं न्हाई," पदरानं ओठ पुसत त्या म्हणाल्या. "आलं."

दुसऱ्या वर्षी बाई वारल्या. नाटक बंद पडू नये म्हणून मंडळींनी दुसरी बाई उभी केली. तिलाही मीच रंगवलं आणि विंगेत थांबलो. ताट आलं. तिनं डोळ्यांना पदर लावला, मोठा हुंदका दिला आणि घास गिळून टाकला.

टाळ्याही पडल्या.