कलाबाईचा कप

देवरीच्या आश्रमशाळेत कलाबाईने अठ्ठावीस वर्षं दोनशे लेकरांचा भात शिजवला. रिकामं बसणं तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे निवृत्तीनंतर आठ दिवसांचा आराम वाट्याला आला, तोही थेट कॅरेबियन समुद्राच्या काठी, तेव्हा तो करायचा कसा हेच तिला कळेना.

तिचा मुलगा राजदीप तिथल्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून त्याच्या आईवडिलांना आठ दिवस पाहुणचार मिळाला होता. वडील ताराचंद तीन वर्षांपूर्वीच गेलेले, म्हणून कलाबाई एकटीच निघाली. वाटेत विमानं दोन लागली की तीन, हे तिला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही.

पहिल्या दिवशी ती वाळूतल्या लांब खुर्चीवर ताठ बसली, एसटीची वाट पाहावी तशी. समोर निळंशार पाणी, आणि आजूबाजूला अर्ध्या कपड्यांतली गोरी माणसं उन्हात पालथी पडलेली. आपल्याकडे धान वाळत घालतात, इथे माणसं घालतात, असं तिच्या मनात आलं. पण तिला खटकलं ते दुसरंच. एवढं पाणी, एवढी वाळू, आणि एकही लेकरू नाही.

"राजू, इथं लेकरं काऊन नाई दिसत? काही साथ-बिथ आली का?"

"नाई वं माय. हे मोठ्यांसाठीच आहे. अठरा वर्साच्या खालच्याले येऊच देत नाई. लोकं आराम कराले येतात."

"लेकरांपासून आराम?"

"हो."

कलाबाईने पुन्हा एकदा वाळूवर नजर फिरवली. दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळा अशीच रिकामी व्हायची आणि तिला घास गोड लागायचा नाही. इथे तर लोक त्या शांततेसाठीच मुद्दाम येत होते. तिचं डोकं चालेना.

समुद्रावर मन लागेना म्हणून ती खोलीत रमली. पहाटे उठून पलंगाची चादर ताणून बसवायची, झाडू नव्हता म्हणून ओल्या फडक्याने वाळू पुसून घ्यायची, टॉवेल धुऊन गॅलरीत वाळत घालायची. चहा झाला की कप विसळून पालथा घालायचा. खोल्या आवरायला ग्लोरिया नावाची पन्नाशीची बाई यायची. दारातून आत बघायची, जरा घुटमळायची आणि तशीच परत जायची. बिचारीचं काम हलकं झालं, म्हणून कलाबाई मनातून खूश होती.

पाचव्या दिवशी दुपारी राजदीप ॲप्रन न काढताच आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"माय, खोली तूच आवरून राहिली का?"

"मंग? पाहुणी आहो म्हणून का घाण करून ठेवू?"

"ग्लोरियाले साहेबानं बोलावलं होतं. पाच दिवसांत या खोलीतली एक चादर नाई बदलली. ते म्हणतात, हे बाई काम चुकवून राहिली. तिले कामावरून काढतीन. अन् ती रडून राहिली. म्हणते, या बाईले माहा हात लागलेलं चालत नाई, म्हणून आपलं आपणच धुते."

माहा हात लागलेलं चालत नाई. कलाबाई पलंगावर बसली.

तिचं माहेर सडक अर्जुनीजवळचं. लहानपणी बाप, बकाराम, तिला बाजाराला न्यायचा. वाटेवरच्या टपरीत त्यांच्या वस्तीतल्या लोकांसाठी एक कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. वरून चहा ओतायचे. पिऊन झाला की आपणच विसळायचा आणि परत टांगायचा. पुढे ती टपरी गेली, तो कप गेला. पण कोणी काही बोलायच्या आत आपला कप आपण विसळून टाकायचा, ही खोड काही गेली नाही. मुख्याध्यापकांकडे, सोयऱ्यांकडे, कुठेही ती चहा पिऊन आधी मोरी शोधायची. विचारलं तर सवय म्हणायची. आता तीच सवय ग्लोरियाच्या जिवावर उठली होती. कलाबाईला लाज वाटली, आणि आपण नेमकं काय केलं हे मात्र धड उमगेना.

"तिले सांग," ती म्हणाली, "तुहा हात नको म्हणून नाई धुतला. माहा कप कोणाले धुवा लागू नये म्हणून धुतला."

"सांगतो. पण उद्या साहेब पाहाले येतीन. तिचं काम त्याहिले दिसलं पाह्यजे. तू फक्त बसून राह्य."

अठ्ठावीस वर्षांत एवढं अवघड काम तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी तिने पलंगाकडे पाहिलं, तर तिच्या निजण्याने चादरीला सुरकुतीही पडलेली नव्हती. मग तिनेच ती हाताने चुरगळली. चहा प्यायली आणि तळाशी चहापत्ती चिकटलेला कप टेबलावर तसाच ठेवला. हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसली.

ग्लोरिया आली. दारात साहेब उभे राहिले. ग्लोरियाने चादर काढली, नवी घातली, टॉवेल बदलले. दोनदा कलाबाई अर्धी उठली आणि दोनदा खाली बसली. साहेबांनी कागदावर खूण केली, मान हलवली आणि ते पुढच्या खोलीकडे गेले.

मग ग्लोरियाने तो कप उचलला. ग्लोरियाने आत बोटं घालून कप घासला, धुतला, पुसला आणि फळीवरच्या तीन कपांशेजारी ठेवून दिला. जाताना तिने कलाबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

ती गेल्यावर कलाबाई फळीपाशी आली. चार कप सारखे उभे होते. त्यातला आपला कोणता, हे तिला काही केल्या ओळखता येईना.