अर्थशास्त्राचा हुंकारा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अर्थशास्त्राशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो आला नातीमुळे. देवळ्याला असलेल्या माझ्या मुलाची ही मुलगी बी.ए. करायला नाशिकला माझ्याकडे आली आणि एम.ए. होईपर्यंत राहिली.

बी.ए. नीट पार पडलं. पुस्तकं मराठी, पेपर मराठी. मागणी, पुरवठा असं मोठ्यानं घोकत ती घरभर फिरायची. मी भाजी निवडत असायचे. माझं लक्ष नसायचं आणि तिला ते चालायचं.

एम.ए.ला सगळं इंग्रजीत आलं आणि पोरगी गप्प झाली. उत्तरं पाठ करून गेली, पेपरात प्रश्न फिरवून आले, विषय राहिले. मुलगा पिंपळगावच्या बाजारात कांदा घेऊन आला होता, तो तिथून तसाच घरी आला.

"लय झालं शिक्षण," तो तिला म्हणाला. "पुढच्या परीक्षेत विषय सुटले नाय, तर सामान भर आन चल घरी. वणीचं स्थळ आलंय."

"मुलगा काय करतो?" मी विचारलं.

"द्राक्षाचा बाग हाय त्याचा."

"बाग मजूर करतात. तो काय करतो?"

"आई, तू मधी बोलू नको."

"माझा चहा पितोस आणि मलाच गप्प करतोस?"

चहा पिऊन तो गेला, पण अट तशीच राहिली. नात रडायला लागली. मला रडणं सहन होत नाही. म्हटलं, "तुला काय समजलंय ते मला सांग. मला इंग्रजी येत नाही, म्हणजे तुला पाठ केलेलं खपवता येणार नाही."

आमच्याकडे कोणी कहाणी सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'हं' म्हणायचं, हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की सांगणारा थांबतो. आम्ही तेच सुरू केलं. रोज दुपारी ती सांगायची. कळलं तर मी हं म्हणायचे, नाही तर गप्प. मी गप्प बसले की तिनं मागे जाऊन पुन्हा सांगायचं.

"आजी, हं म्हण ना."

"कशाला? काही कळलं नाही."

"मघाशी हेच सांगितलं तेव्हा म्हणालीस!"

"मघाशी डुलकी लागली होती."

मला त्यातलं आता काही विचारू नका. एक रेघ वर जाते, एक खाली येते आणि त्या जिथे भेटतात तिथे भाव ठरतो म्हणे. कंटाळवाणा विषय आहे. पण मला मराठीत पटवलेलं ती मग स्वतःच्या इंग्रजीत लिहायची. विषय सुटले.

शेवटी उरली प्रकल्पाची तोंडी परीक्षा. विषय होता पिंपळगावची शीतगृहं आणि द्राक्षवाले शेतकरी. त्या दिवशी मी देवासमोर बसले नाही, गहू निवडत बसले. ती आली तीच कपाळाला हात लावून.

"आजी, मी एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे."

"का?"

"हुंकाऱ्यासाठी! त्यांना वाटलं विसरले. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी विचारलं, बरं वाटत नाही का. माझ्या तोंडून निघून गेलं, 'मॅडम, तुम्ही हं म्हणाला नाहीत.'"

मी हातातलं सूप खाली ठेवलं. वाटलं, गेली ही आता वणीला.

"मग?"

"आधी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'हं. पुढे?' आणि शेवटपर्यंत म्हणत राहिल्या."

"मधे कुठे थांबल्या?"

"एकदा."

"मग काय केलंस?"

"मागे जाऊन परत सांगितलं."

मी सूप उचललं. निकाल लागायचा होता, पण माझा जीव तेव्हाच भांड्यात पडला.

पास झाली. मुलगा पेढे घेऊन आला. "म्हणत व्हतो ना मी, पोरगी हुशार हाय," असं दोनदा म्हणाला. मी हुंकारा दिला नाही. वणीचं नाव कोणी काढलं नाही.

आता ती एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते. माझ्या दुपारी मला परत मिळाल्या आहेत, मी खुशाल झोपते. परवा तिचा फोन आला. मुलं वर्गात नुसती बघत बसतात, म्हणाली.

"कळलं नसेल," मी म्हटलं. "मागे जा."