दोर वर घ्या

परळच्या एसटी आगारात सकाळी साडेसहाला उतरले तेव्हा माझ्या एका हातात कंदी पेढ्यांचा पुडा होता, दुसऱ्या हातात छत्री आणि अंगात करवलीसारखी लगबग. वाईच्या मुलींच्या शाळेत मी तीस वर्षं काढली, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून. पण दहीहंडी टीव्हीबाहेर कधी पाहिली नव्हती. यंदा माझी जुनी विद्यार्थिनी नीलम हिने फोन केला, "बाई, मी बेसला आहे. सगळ्यात खालच्या थरात! तुम्ही यायचंच." कवायतीचा तास आला की जिचं पोट दुखायचं ती पोरगी आता लग्न होऊन लालबागला आली होती आणि खांद्यावर माणसं उभी करत होती. हे बघायला मी चालतसुद्धा आले असते.

नीलमच्या चाळीच्या अंगणात चाळीसेक बायका जांभळे टी-शर्ट घालून नाश्त्याला बसल्या होत्या. कोणी बँकेत कारकून, कोणी नर्स, कोणी कॉलेजात, तर कोणाचा पोळीभाजीचा व्यवसाय. मला पाहताच नीलमने अशी मिठी मारली की छत्री तिकडे आणि चष्मा इकडे.

दारातच एक उंचेपुरे गृहस्थ उभे होते. पिळदार मिशा, गळ्यात शिट्टी. मी सरळ त्यांच्यापुढे गेले, पुडा त्यांच्या हाती दिला आणि शाळेच्या गॅदरिंगला करते तसं भाषणच ठोकलं. "आपल्यासारख्या कणखर मार्गदर्शकामुळेच आमच्या मुली आज..."

त्यांनी मला शांतपणे बोलू दिलं. संपल्यावर म्हणाले, "बाईंनू, माका कित्याक सांगतास? (मला कशाला सांगता?) मी लिंबू कापतंय. कोच ती."

'ती' म्हणजे त्यांच्या पत्नी, सुनंदाताई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्या उकडलेली अंडी सोलत होत्या, म्हणून मी त्यांना स्वयंपाकाच्या बाई समजून वळसा घालून पुढे गेले होते! त्या गृहस्थांच्या, म्हणजे दिलीपभाऊंच्या, गळ्यातली शिट्टी बस मागे घेताना वाजवायला होती. सगळ्या पोरी खो खो हसल्या आणि मीही, कारण दुसरं करणार काय? पेढे मात्र तोवर अर्धे संपले होते.

बसमध्ये नीलमने मला खरी गोष्ट सांगितली. तीन वर्षं हे पथक पाच थरांवर अडकलं होतं. पथक चालवणाऱ्या मंडळाने ठरवलं होतं की आज सहा लागले नाहीत तर पुढच्या वर्षापासून पुरुषांच्या पथकाचे कोच यांनाही शिकवतील.

"आणि सुनंदाताई?" मी विचारलं.

"त्यांनी नाश्त्याचं बघायचं म्हणे. बाई, पुरुषांचं पथक सहा वर्षं आठ थरांवर अडकलंय, तर तिकडे म्हणतात, नशीब साथ देत नाही."

मला राग आला आणि गंमतही वाटली. म्हटलं, "जाऊ दे गं. बायकांनी पाच लावले हेच केवढं आहे!"

पुढच्या सीटवरून सुनंदाताई वळल्या. "बाईंनू, तुमच्या शाळेत चेडवाक (मुलीला) साठ मार्क पडले तर तुमी असाच सांगतास?"

मी खिडकीतून हिंदमाताची साड्यांची बंद दुकानं बघू लागले.

दादरला पोचलो तेव्हा रस्ता माणसांनी फुलून गेला होता. भोंगे, ढोल, पाण्याचे फवारे! माझ्या छातीत ढोल वाजतोय की रस्त्यावर, हे कळेना. मी चक्क दोन अनोळखी कॉलेजकुमारींबरोबर फुगडी घातली आणि चष्मा पर्समध्ये ठेवायची अक्कल मला नंतर सुचली. हंडीपुढे नुसते थर रचून दाखवण्याला सलामी म्हणतात. आमच्या आधी पुरुषांचं एक पथक सलामीला आलं, सातव्या थराला डगमगलं आणि सावकाश उतरलं. मंचावरचा निवेदक गरजला, "याला म्हणतात अनुभव! कधी थांबायचं हे ज्याला कळतं तोच खरा गोविंदा!" मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मग आमच्या पोरी. त्या गोंगाटात आवाज पोचत नाही, म्हणून सुनंदाताई समोर उभ्या राहून हातानेच सांगतात. तळवा वर म्हणजे चढा, खाली म्हणजे उतरा. तीन थर लागले, चार लागले, पाचवा उभा राहू लागला आणि सुनंदाताईंचा तळवा खाली वळला. पोरी एकेक करून उतरल्या. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

"असू दे, असू दे," निवेदक म्हणाला, "महिला आहेत, घाबरायला होतंच. टाळ्या वाजवा!" मीही वाजवल्या. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं की अजून थोडी छाती केली असती तर लागले असते. दहा मिनिटांपूर्वी ज्याला मी अनुभव मानलं होतं, तेच आता मला भित्रेपण वाटत होतं. हे आज लिहिताना कळतंय. तेव्हा मी पीयूष पीत होते.

बसमध्ये वरच्या थरातली पूर्वा रडू लागली. "काकी, तुम्ही घाबरलात. आता गेलंच ना सगळं!"

"घाबरूक काय झाला?" सुनंदाताई म्हणाल्या. "दुसऱ्या थराचे खांदे ओले होते. तिसरीचे पाय सरकत होते, ते तुका वरून दिसाचे नाय." त्यांनी दुसऱ्या थरातल्या सगळ्यांना कोरडे शर्ट घालायला लावले, नीलमला मधून कडेला आणलं आणि दिलीपभाऊंनी वाटलेल्या लिंबाच्या फोडी चोखत आम्ही भायखळ्यावरून गिरगावला निघालो. पाच मिनिटांत पूर्वाच गाणं म्हणत होती, आणि मी टाळ धरल्यासारखी डब्यावर चमचा वाजवत होते.

गिरगावातल्या एका वाडीत हंडी टांगलेली होती. हंडी चांगली उंच होती, पण आमचं पथक आत शिरताना दिसलं आणि मंचावरच्या काकांनी प्रेमाने हुकूम सोडला, "ए, दोर खाली घ्या रे, ताई लोक आलेत!" हंडी भराभर खाली आली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. लग्नात म्हाताऱ्या माणसाला खुर्ची देतात तसा तो मान होता. पुढे ते दिलीपभाऊंना म्हणाले, "पाच थरांना बेतात येईल बघा, साहेब. चालेल ना?"

दिलीपभाऊ लिंबू कापत होते. त्यांनी नुसती मान सुनंदाताईंकडे फिरवली.

सुनंदाताई पुढे झाल्या. "दोर वर घ्या."

"ताई, रिस्क नको. सकाळपासून थकल्या असतील पोरी."

"पोरी माझ्या आहेत. किती थकल्या ता माका ठाऊक. दोर होता तिथे घ्या."

काकांनी हात वर केला आणि दोर कुरकुरत वर गेला.

मी मोबाइल काढला आणि व्हिडिओ सुरू केला. एक थर, दोन, तीन, चार. पाचवा उभा राहिला आणि मनोरा तळापासून थरथरला. बघणाऱ्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. उतरवणार की चढवणार? मला राहवेना, काय ठरतंय ते बघायला मी वळले. नंतर ऐकू आला तो मडकं फुटल्याचा आवाज, अंगावर दह्याचा थंडगार फवारा, आणि मी उड्या मारतेय, साठीला टेकलेली बाई, शेजारच्या कोणा अनोळखी बाईच्या गळ्यात पडून! सहा थर! पूर्वा हेल्मेटसकट दोराला लोंबकळत हसत होती, नीलम खाली रडत होती, आणि मंचावरचे काका माइकवर ओरडत होते, "कोच कोण? कोच ताईंना वर पाठवा!" सुनंदाताईंनी वर जाण्याआधी एकेक पोरगी मोजून घेतली. नाश्त्याचं आता मंडळाला दुसऱ्या कोणाला तरी सांगावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी वाईला परतले ती सरळ शाळेतच गेले. दहावीचा वर्ग माझ्याभोवती गोळा केला आणि मोठ्या थाटात व्हिडिओ लावला. चार थर छान दिसले. मनोरा थरथरला, आणि चित्र झर्रकन बाजूला वळलं. त्यानंतर शेवटपर्यंत पडद्यावर फक्त दिलीपभाऊ. हातात सुरी, तोंड उघडं, डोळे डावीकडे कुठेतरी खिळलेले.

"बाई, हे कोच का?" एकीने विचारलं.

"नाही गं. हे लिंबू कापतात."

"मग एवढं टक लावून कोणाकडे बघतायत?"

"कोचकडे."

मुली पडद्याजवळ सरकल्या, कोपऱ्यात शोधू लागल्या. "त्या कुठेयत? दिसत नाहीत."

"तिथेच होत्या," मी म्हटलं. "मीच फोन त्यांच्याकडे वळवला नाही."