दणक्याचा ड्रम

दणक्याला कुठलीही वस्तू ठोकून पाहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. पूर्णा जंक्शनवर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचं, हीच त्याची नोकरी. नुसत्या आवाजावरून चाकाला तडा गेलाय का ते ओळखायचा. बाजारात टरबूज घ्यायचं तर आम्ही त्यालाच न्यायचो. मी मालधक्क्यावरचा कारकून; पण हा मला मान देईल तर शपथ! डोक्यावर टिचकी मारून म्हणायचा, "बाबू, लय पोकळ हाय रे!"

अशा माणसानं रेल्वे कॉलनीतल्या तिघा गिटारवाल्यांबरोबर बँड काढला, यात नवल ते काय? सिकंदराबादहून जुना ड्रमसेट आला. त्यांच्या इंग्रजी गाण्यांतलं आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. दणक्या म्हणायचा, "शब्द त्यांचे असू दे, ठेका आपलाच हाय."

अडचण होती त्याच्या वडिलांची. ते ताडकळसला राहायचे; आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणायचो. तरुणपणी ते गावात हलगी वाजवायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि हलगी कायमची सोडली. आता पोरगाच ड्रम बडवतोय म्हटल्यावर त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दणक्याच्या जिवाला घोर लागला. "आबाला एकदा दाखवतो. न्हाई म्हणला तर सोडून देतो, आईची आन," म्हणाला आणि आबांना आणायला मला एसटीनं पिटाळलं.

"आबा, ड्रमला कातडं नसतंय, प्लास्टिक असतंय," मी पढवल्यासारखं बोललो.

आबा उखडले. "कातड्यानं माझं काय वाकडं केलं? पाटलाची हाक आली की त्येच्या दारात उभ्यानं वाजवावं लागायचं. राग त्याचा हाय." तुम्ही नाही म्हणालात तर तो ड्रम सोडून देणार आहे, असं मी सांगितलं. तेव्हा कुठं ते आले.

रविवारी दुपारी रेल्वेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शेवटी गिटारवाले थांबले आणि दणक्या एकटाच सुटला. काय वाजवलं हो त्यानं! मालगाडी अंगावर येतेय असं वाटलं. टाळ्या वाजवत सगळा हॉल उठला, पुढच्या रांगेतले साहेब लोकसुद्धा. आबा तेवढे खुर्चीतच.

आबांनी माझी बाही ओढली. "ह्यो बसून वाजवायलाय न्हवं?"

"हो, आबा."

"अन् साहेब उभे हायेत?"

"हो."

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. "आमच्या येळंला उलटं होतं," एवढंच म्हणाले. मग स्टेजवर जाऊन घामाघूम पोराच्या पाठीवर हात ठेवला. "वाजव. पर कुनी हुकूम सोडला म्हणून उठून जाऊ नको." दणक्या लहान लेकरासारखा रडला.

पुढं त्याची बदली झाली, बँड मोडला. पण तोवर माझी एक खोड गेली होती. साहेब मालधक्क्यावर आले की मी लिहिता लिहिता ताडकन उभा राहायचो, ते जाईपर्यंत बसायचो नाही. त्या रविवारनंतर सोमवारी साहेब आले. मी बसूनच नमस्कार केला आणि लिहीत राहिलो. साहेब जाईपर्यंत मी उठलो नाही. हे दणक्याचे उपकार. त्याला सांगायचं मात्र राहूनच गेलं.